पोट सोडा, बाई

माझा आवाज मोठा होता. नुसता मोठा नाही, प्रसिद्ध होता. सातपूरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायचे तिथे वर्गांवर पत्रे होते आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून एक वर्कशॉप होतं. तिथलं प्रेस मशीन दिवसभर धाड-धाड करायचं. समोर सत्तर मुलं, डोक्यावर पत्रा, बाजूला प्रेस. या तिघांना पुरून उरेल असा आवाज मी कमावला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. शेजारच्या वर्गातल्या बाई रजेवर गेल्या की मुख्याध्यापक म्हणायचे, "तुम्ही तुमच्याच वर्गात शिकवा. तिकडची मुलं तिकडे बसून ऐकतील." हे मी कौतुक समजत असे आणि घरी येऊन सांगतही असे.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नाशिकची थंडी ऐन भरात होती. आठवीला समास शिकवत होते. 'द्वंद्व' म्हणायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. खाकरले, पुन्हा तोंड उघडलं. या वेळी सायकलच्या जुन्या ब्रेकसारखं काहीतरी वाजलं. मुलांना वाटलं, बाई नक्कल करतायत. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली. मी डस्टर टेबलावर आपटलं. आता ओरडण्यासाठी माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

घशाच्या डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यानं बाहेर ओढून धरली आणि आत आरसा घातला. मग विचारलं, "काय करता?"

"शिक्षिका," मी कुजबुजले.

"वाटलंच." त्यांनी कागदावर स्वरयंत्राचं चित्र काढलं आणि त्यावर दोन ठिपके दिले. "गाठी आल्यात, कणीएवढ्या. घाबरायचं कारण नाही. ही औषधं घ्या. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि कुणाकडून तरी नीट श्वास घ्यायला शिका."

औषधं आणि मौन समजू शकत होते, पण श्वास घ्यायला शिका? बेचाळीस वर्षं मी काय घेत होते मग? एवढं सगळं मला म्हणायचं होतं, पण बोलायला बंदी. पैसे देऊन मुकाट बाहेर आले.

घरी मुलीची जुनी पाटी शोधून काढली आणि तिला नाडी बांधून गळ्यात अडकवली. पहिले दोन दिवस नवऱ्यानं माझी फार काळजी घेतली. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता, त्यामुळे मशीन बंद पडलं की कसं वागायचं हे त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवसापासून तो दाढी करताना शीळ घालायला लागला. एकदा स्वयंपाकघरात मुलीला हळूच म्हणाला, "घर कसं देवळासारखं वाटतंय नाही?"

मी पाटी आपटून लिहिलं, 'मला ऐकू येतं!'

पण त्याहून मोठा अपमान मुलीनं केला. ती नववीत होती. मी पाटीवर 'कुकर बंद कर, तीन शिट्या झाल्या' असं लिहून तिच्या नाकासमोर धरलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आई, शिट्ट्या. एक ट राहिला तुझा." एकोणीस वर्षं शुद्धलेखनाच्या वह्या लाल करणारी मी. कुकरची चौथी शिट्टी झाली तरी आम्ही दोघी त्या पाटीकडे बघत उभ्या.

आठवडाभराची रजा संपली म्हणून पाटी घेऊन शाळेत गेले. सगळं फळ्यावर लिहून शिकवायचं ठरवलं. माझ्याविना वर्गाचा बाजार होईल अशी मला भीती होती. खरं सांगायचं तर भीती नव्हती, आशा होती. पण मी बोलत नाही म्हटल्यावर मुलंही हळू बोलायला लागली. वही मागायची तरी कुजबुजून. आठवड्यानं मुख्याध्यापक दारात येऊन थांबले. "बाई, तुमच्या वर्गात हल्ली किती शांतता असते हो!" ते खूश होऊन गेले. मी मधल्या सुटीत डबा न खाता बसून राहिले.

त्याच संध्याकाळी मी श्वास शिकायचं ठरवलं. सद्बुद्धी वगैरे काही नव्हती. आवाज लवकर परत यावा आणि सगळ्यांना दाखवून द्यावं, एवढाच हेतू होता.

शिकवणारे आमच्याच गल्लीत राहत होते. शेवटच्या घरातले काका निवृत्त टर्नर होते. तरुणपणी नामपूरहून आले आणि सगळी नोकरी सातपूरच्या एकाच कारखान्यात लेथ मशीनसमोर उभं राहून काढली. पहाटे कॉलनीच्या समाजमंदिरात ते योगासनं शिकवायचे, फुकट. त्यांना मी चांगलीच ओळखत होते, कारण वर्षानुवर्षं त्यांची टिंगल करत आले होते. उन्हाळ्यात ते गच्चीवर शीर्षासन करायचे. मी आमच्या गॅलरीतून नवऱ्याला हाक मारून म्हणायचे, "बघा, पायजमा उलटा वाळत घातलाय." गल्ली अरुंद होती आणि माझा आवाज कसा होता ते वर सांगितलंच आहे. त्यामुळे त्यांनी ते ऐकलं नसणं अशक्य होतं.

पहाटे साडेपाचला स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर, गळ्यात पाटी अशा थाटात मी समाजमंदिरात हजर झाले. आत सतरंजीवर सात-आठ माणसं बसली होती. काकांनी मला आपादमस्तक पाहिलं. मी पाटीवर आधीच लिहून आणलं होतं, 'आवाज गेलाय. डॉक्टर म्हणाले श्वास शिका.'

त्यांनी वाचलं. हसले नाहीत. "या. तिथं आडव्या व्हा," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या कपाटातून एक जाडजूड जुना ग्रंथ काढून माझ्या पोटावर ठेवला. "श्वास आत घेतला की पुस्तक वर आलं पाहिजे. सोडला की खाली."

सोपं होतं. मी छाती फुगवून भला मोठा श्वास घेतला. पुस्तक खाली गेलं.

"उलटं चाललंय, बाई. पोट सोडा."

मी झोपल्या झोपल्या लिहिलं, 'सोडलंय.'

"नाही सोडलं. धरून ठेवलंय. किती वर्षं धरलंय?"

हा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला, मशीन किती दिवसांपासून आवाज करतंय असं विचारावं तसा. पण मी विचारात पडले. बाविसाव्या वर्षी बघायला आलेल्या माणसांसमोर पोहे घेऊन गेले, तेव्हा आत्या कानात म्हणाली होती, "पोट आत घे." मी घेतलं. नंतर ते बाहेर सोडायला कोणी सांगितलंच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, पोट दुपटीनं वाढलं, तरी मी आपली ते आत घेऊनच चालत होते. फळ्यासमोर, बसस्टॉपवर, भाजीवालीसमोर. तिला माझ्या पोटाशी काय देणंघेणं? पण घेत होते.

तिथे, आठ लोकांसमोर पोट सोडायचं मला जमेना. अखेर काका म्हणाले, "कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेत. तुमचेच तेवढे उघडे आहेत." मी आजूबाजूला पाहिलं. खरंच सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मग मीही मिटले. किती वेळानं कोण जाणे, पुस्तक हळूच वर आलं. एखादं बोटभरच. काका एवढंच म्हणाले, "आते बरं शे." म्हणजे आता बरं आहे. खूश झाले की त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी यायची, हे मला नंतर कळलं.

एकदा जमलं म्हटल्यावर माझ्यातली बाई जागी झाली. मला प्रत्येक गोष्टीची परीक्षा करायची सवय. काकांनी चार आकडे मोजत श्वास घ्यायला सांगितला की मी सहा मोजायची. ते सहा म्हणाले की मी दहा. शेजारच्या आजोबांचा श्वास माझ्याआधी सुटला की मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. अनुलोम-विलोम, म्हणजे एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा आणि दुसरीनं सोडायचा. सर्दीमुळे माझी डावी नाकपुडी बंद होती. त्यामुळे मी उजवीनंच घेऊन उजवीनंच सोडायची आणि बोटं मात्र अगदी शास्त्रशुद्ध हलवायची. कॉपी करणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं पकडणारी मी, नाकपुडीत कॉपी करत होते.

एका रविवारी तर कहर केला. दूध तापत ठेवलं होतं. तेवढ्या वेळात श्वास रोखून धरण्याचा विक्रम करावा म्हणून गॅससमोर उभी राहिले आणि मनात मोजायला लागले. साठाच्या पुढे ओटा डावीकडे सरकला. मी उजवीकडे बसले, थेट पिठाच्या डब्यावर. दूध उतू गेलं. नवरा धावत आला. त्यानं आधी गॅस बंद केला, मग माझ्याकडे पाहिलं. पाटी उतू गेलेल्या दुधात पडली होती, म्हणून मी खुणेनं सांगितलं, योगा करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यानंच काकांना सगळं सांगितलं. काका चिडले. त्यांना चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. "बाई, लेथवर लोखंडाचा जॉब लावला आणि घाईघाईत कापायचं टूल आत दाबलं तर काय होतं? टूल तुटतं. कधी कधी तुकडा उडून डोळ्यात जातो. किती कापलं याला महत्त्व नसतं, किती शांतपणे कापलं याला असतं. आणि जॉब तापला की वरून पाणी सोडतो आम्ही. तुम्ही नुसत्या तापताय. पाणी कधी सोडणार?"

मी पाटीवर लिहिलं, 'चुकलं. मी मूर्ख आहे.'

त्यांनी पाटी हातात घेतली, दुसरं वाक्य आपल्या बाहीनं पुसलं आणि परत दिली. "दिवसातून किती वेळा म्हणता असं?"

मी खांदे उडवले.

"मोजा एक दिवस."

मोजायला माझी ना नव्हती. मोजणं हा माझा प्रांत. त्या दिवशी शाळेच्या डायरीच्या मागच्या पानावर मी रेघा मारत गेले. चष्मा विसरला, गाढव. बस सुटली, आळशी. आरशात पाहिलं, तिथे तर तीन रेघा. फळ्यावर ओळ तिरकी गेली, एवढंही येत नाही. भाजीत मीठ जास्त, अक्कल नाही. मधल्या सुटीपर्यंत पान भरलं. मी ते वाचत बसले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की यातला एकही शब्द नवीन नव्हता. हेच शब्द, याच क्रमानं, मी पत्र्याखाली सत्तर मुलांवर उधळत आले होते. फरक एवढाच की मुलांना तासाभरानं माझ्यापासून सुटका मिळायची. मला मिळत नव्हती.

हे मी काकांना लिहून दाखवलं नाही. लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंही नाही. आसनं झाल्यावर सतरंजी झटकता झटकता स्वतःचंच सांगायला लागले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एक मोठा जॉब बिघडला होता, रिजेक्ट झाला. कोणी फार बोललं नाही, पण त्यांनी स्वतःला महिनाभर सोडलं नाही. जेवताना, झोपताना, मशीनवर, सतत मनात शिव्या. त्या तंद्रीत एक दिवस जड लोखंड वाकडं उचललं आणि कंबर धरली ती धरलीच. कंबरेसाठी म्हणून योगासनं शिकायला गेले.

"कंबर सुटली सहा महिन्यांत," ते म्हणाले. "शिव्या सुटायला दहा वर्षं लागली. बाई, आपण मशीनला तेल घालतो, पुसतो, संध्याकाळी त्याच्यावर कापड टाकून घरी येतो. स्वतःला काय घालतो? शिव्या. कसं चालणार ते?"

मग त्यांनी मला एक गोष्ट करायला दिली, जी शीर्षासनापेक्षा जड गेली. सकाळी उठल्यावर एक हात छातीवर, एक पोटावर ठेवायचा. पाच संथ श्वास घ्यायचे आणि मनात म्हणायचं, 'बरं चाललंय तुझं.' एवढंच. पहिल्या दिवशी मला इतकं हसू आलं की पलंग हलला आणि नवरा जागा झाला. दुसऱ्या दिवशी 'बरं चाललंय तुझं' म्हटल्यावर आतून लगेच उत्तर आलं, 'काय बरं चाललंय? कपडे भिजवायचेत.' तिसऱ्या दिवशीही तसंच. पण हात छातीवर ठेवल्यावर तिथे ऊब वाटायची, तेवढ्यासाठी मी ते करत राहिले. बाकी थंडी फारच होती.

महिना संपला. डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला, गाठी लहान झाल्यात म्हणाले आणि हळूहळू आवाज काढायला परवानगी दिली. "बोलू नका लगेच. आधी नुसतं गुणगुणा." काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मग भ्रामरी घेऊ." भ्रामरी म्हणजे कान बोटांनी बंद करायचे, ओठ मिटायचे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज करायचा.

पहिला प्रयत्न मी घरी गुपचूप केला, न्हाणीघरात. तीनच वेळा केला असेल. बाहेरच्या दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. मुलीनं दार उघडलं. "तुमची पाण्याची मोटार चालू राहिलीय का गं? मघापासून घूं घूं येतंय. जळेल हो!" मुलगी म्हणाली, "नाही काकू, आई आहे ती." मी आतच बसून राहिले, नळाकडे बघत.

त्यामुळे पुढची भ्रामरी समाजमंदिरातच केली. सगळे ओळीनं बसले होते. मी कान बंद केले, डोळे मिटले, श्वास घेतला. पोट आपोआप पुढे आलं. मग ओठ मिटून आवाज सोडला. कान बंद असले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त आतलं येतं. इतकी वर्षं मी माझा आवाज नेहमी दुसऱ्यांच्या कानापर्यंत पोचवायला फेकला होता. तो आतून कसा लागतो हे मला माहीतच नव्हतं. तो बारीक होता. थोडा थरथरत होता. एखादं माणूस लांबून चालत येऊन दारात उभं राहावं आणि आत येऊ का, म्हणून विचारावं, तसा होता. माझे डोळे वाहायला लागले. थांबेनात. वर्ग संपल्यावर शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं, बाई?" मी महिन्याभरानंतरचं पहिलं वाक्य बोलले, "उदबत्तीचा धूर." त्या दिवशी उदबत्ती लावलेलीच नव्हती. आजोबा भले गृहस्थ. म्हणाले, "हो, फारच झाला."

आवाज परत आला, पण निम्माच. डॉक्टर म्हणाले, एवढा पुरे. मला पुरत नव्हता. पहिल्या वर्षी मी चार वेळा विसरून ओरडले आणि चारही वेळा दोन दिवस पाटी गळ्यात घालून फिरले. पण नंतर वर्गात पुढच्या बाकाजवळ जाऊन बोलायची सवय लागली. जवळ गेल्यावर मुलांचे चेहरे दिसायला लागले. कोणाच्या स्वेटरला कोपरावर भोक आहे, कोण सकाळी काही न खाता आलंय, ते फळ्याजवळून कधी दिसलं नव्हतं. मी फार चांगली शिक्षिका झाले असं मात्र नाही. एका मुलानं निबंधात 'माझ्या आवडत्या बाई' म्हणून चित्रकलेच्या बाईंवर लिहिलं, तेव्हा मी त्याचे दोन मार्क कापले होते.

दोन हजार सालानंतर केव्हातरी काका नामपूरला परत गेले. भावाची तब्येत बरी नव्हती, शेतात कांदा होता, बघायला कोणी नव्हतं. जाताना समाजमंदिराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मला काय येतं, काका?"

"पोट सोडता येतं. तेवढं शिकवा."

मी शिकवू लागले. त्याच सुमारास टीव्हीवर योगाची लाट आली. जो तो बसस्टॉपवर नखांवर नखं घासायला लागला. माझ्या वर्गात एकदम चाळीस माणसं आली आणि मी मनातून फुलून गेले. सतरंज्या पुरेनात. पण त्यांना भराभर श्वास घ्यायचा होता, पोट आत-बाहेर फटाफट हलवायचं होतं, महिन्यात वजन उतरवायचं होतं. मी पोटावर पुस्तक ठेवून झोपायला सांगायची. एक बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, तुमचा योगा फार स्लो आहे हो." पंधरा दिवसांत सगळे मैदानावरच्या मोठ्या शिबिराला निघून गेले. उरले ते काकांच्या वेळचे पाच-सहा. मी आठवडाभर रुसून होते. त्या शिबिराच्या लाउडस्पीकरचा आवाज सकाळी समाजमंदिरापर्यंत यायचा. स्पीकर चांगला होता, हे मान्य करायला हवं.

एका डिसेंबरात दहावीचे जादा तास, पेपर तपासणं आणि मुलीच्या सासरचे पाहुणे असं सगळं एकत्र आलं. मी फार थकले होते. त्या सकाळी आसनं झाल्यावर शवासन घ्यायचं होतं. सगळ्यांना झोपवलं आणि स्वतःही आडवी झाले. "पायाची बोटं सैल सोडा," म्हटलं. "पोटऱ्या सैल. गुडघे सैल..." कमरेपर्यंत आल्याचं आठवतं.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन माझ्या तोंडावर आलं होतं. समाजमंदिर रिकामं होतं. माझ्या अंगावर तीन शाली होत्या, त्यातली एकही माझी नव्हती. डोक्याखाली कोणीतरी सतरंजीची घडी सरकवली होती, दार ओढून घेतलं होतं. बाहेर भाजीवालीची हाक ऐकू येत होती, म्हणजे नऊ तरी वाजून गेले होते. शाळा साडेसातची.

मी तशीच पडून राहिले. आणखी चांगली दहा मिनिटं.

शाळेत पोचले तेव्हा चौथा तास चालू होता. मुख्याध्यापकांनी मस्टर पुढे सरकवलं. हे नवे होते, तरुण होते. उशिराच्या नोंदीपुढे कारणाचा रकाना असतो. तिथे आजवर मी 'बस चुकली' हेच लिहीत आले होते, अगदी चालत आले तरी. त्या दिवशी लिहिलं, 'झोप लागली होती.'

त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चांगली लागली का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी सही केली आणि मी वर्गावर गेले.